लोकरीचं माप

९ ऑक्टोबर

बीपी १५०/९०. दवाखान्यातल्या नर्सनं ही वही दिली आणि म्हणाली, त्सोना आजी, रोज आकडा लिहायचा. एका आकड्यानं पान भरत नाही. चार यत्ता शिकले, त्या वाया कशाला घालवू? म्हणून बाकीचंही लिहिते.

आज मुलाच्या घरी पोचले. सपाटीवरून डोंगरात बसनं पाच तास, शेजारची बाई सबंध वाटभर स्वतःच्या पित्ताशयाबद्दल बोलत होती. उतरताना मला त्या पित्ताशयाची बाईपेक्षा जास्त ओळख झाली होती. माझ्या गावच्या घराचं छप्पर मार्चच्या बर्फानं खाली आलं. आता तिथं चिमण्या राहतात. स्तामेन, माझा मुलगा, जर्मनीत ट्रक चालवतो, त्यामुळं दारात सून उभी होती, नेवेना. उंच बाई, पॉप्लरच्या झाडासारखी. मिठी मारली तर माझं नाक तिच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाशी. नऊ वर्षांत तिनं मला आठ वेळा फोन केला असेल, पण आज टेबलावर गरम बनित्सा होती, पापुद्र्यांची भाजलेली पोळी, आणि आत चीज घालताना हात राखला नव्हता. नात बिल्का नऊ वर्षांची आहे, समोरचे दात सशाचे. माझी पिशवी तिनंच उचलली.

मला स्वयंपाकघराशेजारची खोली दिलीय. खिडकीतून अक्रोडाचं झाड दिसतं. स्वयंपाकघराच्या मधोमध नवी लोखंडी चूल उभी आहे, अजून प्लास्टिकात गुंडाळलेली, नवरा न आलेल्या नवरीसारखी. सोमवारी मिस्त्री येणार, तिच्यासाठी ओटा आणि मागची फरश्यांची भिंत बांधायला. म्हातारपणी असं ऊबदार घर मिळालं. तक्रार करायला काही सापडत नाही, आणि मी शोधलं.

१२ ऑक्टोबर

१४५/८५. मिस्त्री आला. गाव्राइल नाव, माझ्याच वयाचा, बोटं विटेच्या रंगाची. मी विचारलं, या वयात तू भिंत बांधतोस की भिंतच तुला धरून ठेवते? तो म्हणाला, म्हातारे, बांधायची मी, टेकायला तू ये. आवडला मला.

काम चोख आहे. जमिनीवर विटांचा थर, वर पत्रा, त्यावर फरश्या, हा ओटा. मागे विटांची भिंत, पण घराच्या भिंतीला चिकटवायची नाही; मध्ये चार बोटं हवा खेळायला जागा ठेवायची, नाहीतर मागचं लाकूड एक दिवस पेट घेतं. फरश्या हिरव्या आहेत, बाटलीच्या काचेसारख्या. लावायच्या आधी त्या बादलीत बुडवतो आणि बुडबुडे थांबले की म्हणतो, पाणी पिऊन झालं. दोन फरश्यांत काडेपेटीची काडी घालून अंतर राखतो. काड्या बिल्का मोजून देते आणि त्याला म्हणते, आजोबा, ही वाकडी लागली. वाकडी होतीच. त्यानं मुकाट्यानं काढली.

१७ ऑक्टोबर

१६५/९५. वाढणारच.

नेवेनानं जेवताना सांगितलं. स्तामेनला तिकडं दोन खोल्यांची जागा मिळाली. नाताळाला येऊन दोघींना घेऊन जाणार, बिल्काची शाळाही ठरली. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, आई, तुम्ही घर सांभाळा, शेजारी केरा आहे, उन्हाळ्यात आम्ही येऊच की. फार गोड बोलली. बोलताना माझ्या ताटात वाढतही होती.

म्हणजे मला घर राखायला आणलंय. त्यांचा कुत्रा वसंतात मेला ना.

२० ऑक्टोबर

मिस्त्री आज म्हणाला, चुलीमागच्या भिंतीला कोंबडा लागतो. त्याच्या बापानं दिला, आज्यानं दिला. रक्ताचे चार थेंब पायाच्या विटांत पडले की भिंत तडकत नाही. नेवेना म्हणाली, माझ्या पोरीसमोर असलं काही चालणार नाही, कोंबडा दुकानातून सोललेलाच येतो. मिस्त्रीनं खांदे उडवले.

ती कामावर गेल्यावर मला हळूच म्हणाला, कोंबडा नाही तर माप तरी हवं.

मला सांगावं लागलं नाही. आमच्याकडंही होतं. माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत दोरीनं मोजायचं आणि दोरी भिंतीत घालायची. भिंत टिकते. माझी आई म्हणायची, ज्याचं माप भिंतीत, त्याचा पाय फाटकाबाहेर पडत नाही. ते माणूस त्या घराचं होतं. एवढंच म्हणायची.

दिवसभर बटाटे सोलत होते आणि डोक्यात तेच.

२४ ऑक्टोबर

केलं.

सकाळी नेवेनाला म्हटलं, तुझ्यासाठी लांब कोट विणते, घोट्यापर्यंत, जर्मनीत उपयोगी पडेल. ती नव्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी स्टुलावर चढले आणि माझ्या स्वतःच्या मेंढ्यांच्या राखी लोकरीचा धागा तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरला. म्हणाली, आई, माझ्यासाठी आजवर कोणी काही विणलं नाही. मी म्हटलं, हलू नकोस, माप चुकेल.

गाव्राइलनं धागा बघून तोंड वाकडं केलं. म्हणाला, या कामाला तागाची सुतळी लागते, लोकर नाही. मी म्हटलं, पन्नास वर्षं मेंढ्या कातरल्या, मला लोकर शिकवू नकोस, तू तुझा चुना कालव. खालचं टोक त्यानं ओट्याच्या फरशीखाली दाबलं, धागा ओल्या चुन्यात सरळ वर नेला, नेवेनाच्या उंचीपर्यंत, आणि वर फरश्या ठोकल्या. कोणाचं माप ते विचारलं नाही. माझं नाही एवढं त्याला दिसत होतं.

मी कोणाचं वाईट केलं नाही. पोर इथं राहील, तिची आई इथं राहील, मी त्यांच्यात राहीन. चूल पेटेल. यात वाईट काय?

२६ ऑक्टोबर

१५०/९०. संत दिमितरचा दिवस. मिस्त्रींचं वर्ष संपलं. गाव्राइलला शर्ट आणि राकिया दारूची बाटली दिली. ग्रीसला मुलीकडं चालला, वसंतात परतेल. जाताना ताकीद दिली की एकदम मोठा जाळ करू नका. आधी आठवडाभर नुसत्या काटक्या, मग एक लाकूड, मग दोन, म्हणजे चुना सावकाश वाळतो. नेवेनानं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. शिकलेली माणसं.

भिंत सुंदर झाली आहे.

२९ ऑक्टोबर

काल पहिल्या काटक्या पेटवल्या. आज सकाळी नेवेना कामावर निघाली आणि फाटकातून परत आली. म्हणाली, चक्कर आली, पायच उचलेना. मी तिला घेवड्याचं सूप दिलं. बरं वाटलं. तिला नाही, मला.

२ नोव्हेंबर

रोज तेच. रोज फाटकापर्यंत जाते आणि कडीला हात लावून उभी राहते. काल रडली. चेहरा चुन्यासारखा झालाय, जेवण जात नाही. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला रक्त कमी आहे.

शेजारची केरा आली होती. नव्वदीची बाई, दात एक आणि जीभ दोन. नेवेनाकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, मग मला अंगणात नेलं. विचारलं, माप कुणी दिलं? मी झाडू उचलला. तिनं सगळं ओळखलं. म्हणाली, अगं मूर्ख बाई, तुझ्या आईनं तुला अर्धंच सांगितलं. माप घातल्यापासून चाळीस दिवस. पाय अडकतात ही नुसती सुरुवात आहे. चाळिसाव्या दिवशी माप ज्याच्या अंगाला बरोबर बसतं ते माणूस भिंतीचं होतं. इकडं तिरडी उठते आणि तिकडं भिंतीला राखणदार मिळतो.

मी बोटांवर मोजलं. चाळिसावा दिवस २ डिसेंबर.

मला ती घरात हवी होती. भिंतीत नाही.

५ नोव्हेंबर

गाव्राइलचा फोन बंद. तीन दिवस बंद.

नेवेना झोपली होती आणि बिल्का शाळेत होती, तेव्हा सुरीनं वरची एक फरशी सैल करून काढली. धाग्याचं टोक दिसलं. चुन्यानं धरून ठेवलेलं. म्हटलं, अख्खाच्या अख्खा ओढून काढावा. दोन बोटांत धरून हळूच ओढला—

आतल्या खोलीत नेवेना किंचाळली. धावत गेले तर छाती धरून पलंगावरून खाली पडली होती. म्हणाली, कोणीतरी आतून ओढलं.

केरा म्हणते, ओढायचा नाही, कापायचा नाही, भिंत पाडायची नाही. धागा तुटला की माणूस तुटतं. फरशी परत बसवली. बीपी बघितलं नाही.

९ नोव्हेंबर

नेवेना बरी झाली! सकाळी उठली, तीन अंडी खाल्ली आणि गाणं म्हणत फाटकाबाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. वळणापलीकडं गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा गाल लाल. म्हणाली, आई, तुमच्या सुपानं जादू केली.

देव आहे. चूल दोन लाकडांवर आली. स्वयंपाकघरात आता अंगात स्वेटर नको.

१० नोव्हेंबर

पाव आणायला निघाले. फाटकाशी पाय थांबले.

दुखत नाही. कोणी धरत नाही. पाय उचल म्हणून सांगावं आणि पायाला ऐकूच जाऊ नये, तसं. गाईला खुंट्याला बांधतात तेव्हा दोर संपला की ती कशी उभी राहते, तशी उभी राहिले. शेजारचा माणूस गाडीतून गेला, त्यानं हात केला. मीही हात केला.

घरात येऊन ती वरची फरशी काढली. टोक नाही. चुन्यात नुसती खाच, धाग्याएवढी, रिकामी. दुसरी फरशी काढली. रिकामी. तिसरी काढली. तिथं होतं टोक. धागा नव्हताच तो आता, बोटाएवढा जाड झालेला, घट्ट, राखी. उंदराच्या शेपटीसारखा.

ओल आणि ऊब. अगं बये, ओल आणि ऊब. गरम पाण्यात स्वेटर घालू नका म्हणून मी सबंध गावाला सांगत फिरले. लोकर आटते. जाळावर जाळ, रोज थोडा थोडा, चुना वाळतोय आणि धागा आखडतोय. नेवेनापासून सुटला.

टाच भिंतीला लावून उभी राहिले. हात डोक्यावर ठेवला आणि सरळ मागे नेला. बोट बरोबर त्या टोकावर.

१४ नोव्हेंबर

फाटकापर्यंत बावीस पावलं. मागच्या कुंपणापर्यंत तीस. सगळीकडं तोच खुंटा.

खोटं लिहिणार नाही. पहिला विचार आला तो असा: आणखी जाळ घाल. धागा आणखी आटेल, मलाही सोडून खाली जाईल, मी मोकळी. चार लाकडं घातलीही.

तेवढ्यात बिल्का शाळेतून आली आणि रोजच्यासारखी ऊब घ्यायला फरश्यांना पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, आजी, बघ, मी जवळजवळ तुझ्याएवढी झाले.

मी बुटकी, त्यात पाठीला पोक. तिचा माथा माझ्यापेक्षा चार बोटं खाली.

लाकडं चिमट्यानं बाहेर काढली. बादलीत विझवली. घरभर धूर. नेवेना ओरडली, आई, हे काय करताय? म्हटलं, मला उकडतं.

१८ नोव्हेंबर

हिशेब सरळ आहे. चूल विझलेली राहिली तर धागा माझ्या मापाचा राहील. २ डिसेंबरला जायचं ते मी. पंच्याहत्तर वर्षं जगले, त्यातली साठ नुसती कामात गेली. कोणाला अडणार नाही. केलंही मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

फक्त जाळ नको. चौदा दिवस.

काडेपेट्या लपवल्या. नेवेनानं नव्या आणल्या. त्या पाण्यात टाकल्या. तिनं लायटर आणला. बाहेर बर्फ पडतोय.

२२ नोव्हेंबर

घरात पाणी गोठतं. नेवेना विजेचा हीटर घेऊन आली, बिल्काच्या खोलीत लावला. चांगलं आहे. भिंतीपासून लांब.

मी चुलीसमोर खुर्ची टाकून बसते, तिथंच जेवते. नेवेना स्तामेनला फोनवर सांगत होती, तुझ्या आईचं डोकं फिरलंय, चुलीवर कुत्र्यासारखी गुरगुरते. बरोबर बोलली. कुत्र्याच्याच जागी आले होते.

हात पांढरे पडलेत. खोकला. बावीस पावलांची आता सतरा झालीत. धागा तेवढाच आहे, दोर मात्र आखूड होतोय. दिवस भरत आले की असं होतं, केरा म्हणते.

२५ नोव्हेंबर

अकरा पावलं. पायरीपर्यंत.

केरा म्हणते, पोरीला आजच्या आज दुसरीकडं पाठव. जिचं माप बसतं तिलाच अडवतं, बाकीचे मोकळे. नेवेनाला म्हटलं, आत्ता जा, जर्मनीला जा, नाताळाची वाट बघू नका. मी म्हटलं हे! ती म्हणाली, तुम्हाला अशा आजारी टाकून? तुम्ही माझी आई असता तर टाकलं असतं का?

कशाला इतकी चांगली झालीस गं मेली. नऊ वर्षं वाईट होतीस ते बरं होतं.

२८ नोव्हेंबर

सांगितलं नेवेनाला. सगळं. कोट, धागा, चाळीस दिवस. कोटाची एक बाही विणून झाली होती ती तिच्या हातात होती.

तिनं बाही टेबलावर ठेवली. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, तुम्हाला ताप आहे.

विश्वास नाही. बरंच झालं की वाईट, कळत नाही. पण स्तामेनला फोन केला आणि म्हणाली, येऊन घेऊन जा आम्हाला, या घरात मला भीती वाटते. तो निघाला. २ तारखेला सकाळी पोचेल. २ तारखेला. लवकर ये म्हटलं. घाटात बर्फ आहे म्हणतो—

३० नोव्हेंबर

डॉक्टर. छातीत कफ भरलाय. इस्पितळात न्यायचं म्हणाला. दोघांनी धरून नेलं, पायरीवर पाय अडले. ते समजले मी हट्ट करते. सोडून दिलं. एक गोळी दिली, झोप येईल म्हणाला. नेवेनाला सांगून गेला, खोली गरम ठेवा.

मी गोळी थुंकली. बहुतेक.

खोली गरम ठेवू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चुलीच्या दाराला लावलं.

आणखी दोनच दिवस. खुर्ची सोडायची नाही. झोपायचं नाही. झोप—

१ डिसेंबर

जाग आली. अंगावर तीन गोधड्या. ऊब. हात गरम, पाय गरम. इतकं बरं वाटलं. आईच्या कुशीतल्यासारखं.

मग कळलं.

चूल भरभरून पेटलेली. कागद नाही. दुपार होती. किती वेळ झोपले विचारलं, नेवेना म्हणाली, कालपासून. म्हणाली, आई, बघा ना, गालांवर रंग आला. किती आनंदात होती. हात भाजून घेत लाकडं ओढली, विझवली. ती रडत होती, मी ओरडत होते. पोर दारात उभी राहून बघत होती.

फरशी काढली. टोक नाही. खालची काढली, दिवा धरवत नाही. खाच दिसते. धागा कुठवर आलाय? एक बोट? दोन? चार?

पोरीला भिंतीशी उभं करून बघायची हिंमत नाही. नाही करणार.

दोन बोटं असेल. दोनच. देवा, दोनच. मग मधल्या मध्ये राहील, कोणालाच बसणार नाही.

बिल्का जेवली नाही. पोट दुखतं म्हणते. सगळ्याच पोरांचं दुखतं.

२ डिसेंबर

स्तामेन आला. दाढी वाढलेली, भांडायला तोंड उघडलं होतं, मला बघून मिटलं. लवकर, म्हटलं, आत्ता, चहा नको, काही नको. बॅगा भरल्या. नेवेना बिल्काला कोट घालतेय. पोर पांढरी दिसते. उजेड तसा आहे, बर्फाचा.

लिहिते कारण हाताला काम हवं.

बॅगा गाडीत. नेवेना गाडीत. गोधड्यांचं गाठोडं राहिलं होतं, स्तामेन म्हणाला राहू दे. मी उचललं. जड होतं. धावले, टाकलं मागच्या सीटवर. वही खिशातच आहे, गाडीच्या टपावर धरून लिहितेय—

टप थंड आहे. हा रस्ता आहे.

मी रस्त्यावर आहे. पायरी गेली, बावीस पावलं गेली, फाटक माझ्या मागं आहे. कोणी अडवलं नाही मला.

नेवेना हाका मारतेय, बिल्का, चल ना गं, काय तिथं उभी राहिलीस. स्तामेन हॉर्न वाजवतोय. पोर फाटकाच्या आत आहे. कडीला हात लावून. आपल्या पायांकडं बघतेय आणि म्हणतेय, आजी, माझे—